खाचरावरची खानावळ

आत्याबाई, तुम्हाला मी कधी पत्र लिहिलं नाही. तुम्ही होतात तेव्हा आपण दोघी एकाच चुलीपुढे बसायचो, मग लिहायचं कशाला? शिवाय तुम्हाला वाचता येत नव्हतं, आणि मला चार अक्षरं यायला लागली ती तुमच्या शेवटच्या दोन वर्षांत. आता तुम्ही जाऊन चौदा-पंधरा वर्षं होत आली. आज सकाळी गल्लीच्या टोकाचा शेजारी आला होता. आपल्या अंगाला उरलेलं शेवटचं भाताचं खाचर त्याचंच. त्यालाही आता तिथं खानावळ घालायची आहे, वरती मुंबईच्या लोकांना उतरायला खोल्या काढायच्या आहेत. मला म्हणाला, "मावशी, तुमी तुमचं खाचर भरलं तवा खाली काय काय टाकलं वो? तुमची जमीन कदी खचली न्हाई." मी त्याला सगळं सांगितलं. आधी दगड, मग मुरूम, मग इंजिनाची राख, वरून पाणी मारून धुमसानं ठोकायची. तो खूश होऊन गेला. मी आत येऊन भाकरी थापायला बसले आणि हात पिठात तसाच राहिला. तुम्ही असतात तर त्याला काय सांगितलं असतं हे मला ठाऊक होतं. मी ते सांगितलं नव्हतं. दुपारी गिऱ्हाईक पांगल्यावर कागद घेऊन बसले आहे.

मी कामशेतच्या पलीकडून तुमची सून होऊन या घरात आले तेव्हा लोणावळ्याला वलवणच्या धरणाचं काम उरकत आलं होतं. मामंजींना मी पाहिलंच नाही. दगड फोडायला, माती वाहायला लांबलांबून माणसं आली होती, आणि त्यांना रांधून घालायला कुणी नव्हतं, म्हणून तुम्ही घरापुढे चार बांबू रोवून वर पेंढा अंथरला होता. तेवढीच ती खानावळ. एक चूल, एक तवा, पिठलं, ठेचा, आणि घरामागच्या खाचरातला आंबेमोहोर. माझ्या माहेरी आंबेमोहोर पिकत होता, पण तो बाजाराला जायचा. आम्ही नाचणी खायचो. इथं येऊन बघते तर तुम्ही तो परक्या माणसांच्या पानात वाढताय. मी नवी सून, तरी राहवलं नाही, विचारलं. तुम्ही वेळणीवर भात उपसत होतात. म्हणालात, "बाजारात घातला की कुनाच्या तोंडात जातोय ते दिसत न्हाई. हितं दिसतंय." आणि मला खूण केलीत, बघ. एक बिगारी मांडी घालून बसला होता, हाताला दगडाच्या भेगा, आणि पहिला घास नाकाशी नेऊन नुसता थांबला होता.

ते खाचर केवढंसं होतं! दोन म्हशी आडव्या बसल्या तर भरून जावं एवढं, असं तुमचा लेक हसून म्हणायचा. पण अश्विनात भात फुलोऱ्यावर आला की जेवायला बसलेली माणसं आपोआप मागं वळून बघायची. वास कुठून येतोय, पानातून की शेतातून, ते त्यांना कळायचं नाही. तुम्ही संध्याकाळी बांधावर जाऊन उभ्या राहायचात. काही करायच्या नाहीत, नुसत्या उभ्या. मी हाक मारली तर हात वर करून थांब म्हणायच्या. आत्ता लिहिताना मला तुमची ती पाठमोरी आकृती दिसते आहे, लुगड्याचा काष्टा गुडघ्यापर्यंत ओलसर, एक हात कमरेवर. मला तेव्हा वाटायचं, कामं पडलीत आणि म्हातारी वारा घेत उभी आहे. आता मी त्याच जागी जाते तर पायाखाली फरशी असते.

धरण झालं, बिगारी पांगले, आणि त्यांच्या जागी दुसरी माणसं येऊ लागली. पांढऱ्या कपड्यांची, मुंबईची. कुणी आजारातून उठलेली, कुणी नुसतीच थकलेली. कशाला आलात विचारलं की म्हणायची, हवा खायला. तुम्हाला त्या बोलण्याचं फार हसू यायचं. पण हवेनं पोट भरत नाही, तेव्हा ती आपल्याकडे जेवायला यायची, बंगल्यावर डबे मागवायची, आणि सकाळच्या गाडीला जाताना गरम भजी आणि चहा मागायची. भजी आपल्याकडे नव्हती. समोरच्या खानावळीत होती. मला ते खुपत होतं. मी तरणी होते, मला सगळं मोठं करायचं होतं. एके दिवशी मी तुमच्यापुढे बसून बोललेच.

"आत्याबाई, एवढ्याशा खाचरात कितीसा भात हुतोय? तांदूळ कामशेतातनं आनता यील. भट्टी घालायला जागा कुटनं आनायची?"

तुम्ही तांदूळ निवडत होतात. मान वर न करता म्हणालात, "जागा हाय की. तिच्यात भात हाय."

मी तो तुमचा हट्ट समजले. वर्षभर मी तुमच्या लेकाच्या मागं लागले. ते तेव्हा इंजिनाच्या शेडमध्ये कामाला, काळेठिक्कर होऊन घरी यायचे आणि माझं बोलणं ऐकून घेता घेता झोपी जायचे. शेवटी त्यांनी होकार दिला, आणि शेडमधून टाकून दिलेली राख आणायचंही त्यांनीच ठरवलं. त्या उन्हाळ्यात तुम्ही भाताच्या रोपासाठी पालापाचोळ्याचा राब भाजला नव्हता, तेव्हाच मी ओळखायला हवं होतं की तुम्ही मनातून सोडून दिलंय. बैलगाड्या यायला लागल्या. पहिल्या दिवशी गाडीवाले दुपारी जेवायला बसले आणि तुम्ही त्यांच्या पानात जो भात वाढलात त्याचा वास घेऊन मी चुलीपासून उठलेच. कणगीत वेगळं बांधून ठेवलेलं बियाणं होतं ते. सासूकडून तुमच्याकडे आलेलं, दर साली राखलेलं. तुम्ही पहाटे उठून ते सगळं कांडलं होतं.

"आत्याबाई, बियाणं?" मी म्हटलं.

"पेरायचं कुटं आता?" तुम्ही म्हणालात. रागानं नाही. माझ्याही पानात वाढलंत आणि समोर बसून राहिलात, मी जेवेपर्यंत. मी जेवले, आत्याबाई. आवडीनं जेवले. तसला भात त्यानंतर मी खाल्लेला नाही, आणि कामशेतच्या बाजारात किती पोती हुंगून बघितली म्हणून सांगू.

मग भट्ट्या आल्या, मोठी कढई आली, बाकं आली. गल्लीत आमचं बघून एकानं आपलं खाचर भरलं, मग दुसऱ्यानं. जिथं पावसाचं पाणी उतरून थांबायचं तिथं चहाची हॉटेलं झाली, आणि पाणी रस्त्यावरून वाहायला लागलं. लाकूड आणि कोळसा घेऊन ठाकरवाडीवरची ती मावशी यायची, तुम्ही जिला आधी पाणी द्यायच्या आणि मग भारा उतरवू द्यायच्या. तिच्या भाऱ्यात पहिल्यांदा ऐनाचं लाकूड असायचं, जाड, सुकं. मग बारीक फाटी आली. एकदा ती उन्हं कलल्यावर पोचली तेव्हा मी तिच्यावर तोंड टाकलं. ती भारा उतरवून खाली बसली, पाय चोळत म्हणाली, "आदी घरामागंच लाकूड हुतं, बाय. आता दोन डोंगर पल्याड जावं लागतंय. तुमची चूल लय खाती." तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. मी कांदे चिरत राहिले.

धुराचं आपण मनावर घेत नव्हतो, कारण धूर कुणाचा ते ठरलेलं होतं. वाळत घातलेल्या कपड्यांवर काळे ठिपके पडले की आपण म्हणायचो, गाडी गेली. घाट चढणाऱ्या गाडीला मागून पुढून इंजिनं लागायची, सगळं आभाळ काळं व्हायचं, मग आपल्या दोन भट्ट्यांकडे कोण बघतो? नंतर घाटात विजेची इंजिनं आली. स्टेशनावर बघायला सगळा गाव लोटला होता, तुम्हीही माझा हात धरून आला होतात. धूर नाही, ठिणगी नाही, नुसतं घरघर करत ते पुढं सरकलं. तुमच्या लेकाचा चेहरा तेवढा उतरला होता. सगळे म्हणाले, आता लोणावळ्याची हवा सुधारली. त्यानंतर आठ-दहा दिवसांनी मी धुणं काढायला गेले तर तुम्ही दोरीपाशी उभ्या. त्यांचं पांढरं धोतर दोन्ही हातांनी ताणून धरलेलं, आणि त्यावर तेच काळे ठिपके.

"आता कुनाची गाडी गेली गं?" तुम्ही विचारलंत.

मी धोतर तुमच्या हातातून घेतलं आणि पुन्हा धुवायला टाकलं.

त्याच हिवाळ्यात वरच्या अंगाच्या खोलीत बाई राहायला आल्या. मुंबईत शाळेत शिकवायच्या, छाती धरली म्हणून डॉक्टरांनी हवापालटाला पाठवलेल्या, बरोबर एक म्हातारी सोबतीण. त्यांचा डबा आपल्याकडून जायचा. तुम्ही त्यांच्यासाठी वेगळी पेज करायच्या, वर थोडं तूप, आणि मला बजावायच्या, सांडू नको, पळू नको. डबा पोचवून मी दोन शब्द बोलत बसायची. एकदा तुम्हीच वर आलात, दम खात दारात टेकलात आणि म्हणालात, "बाई, माज्या सुनंला चार अक्षरं शिकवा. मोठी बुद्दीची हाय, पर सगळी बुद्दी भज्यात चाललीया." बाई इतक्या हसल्या की त्यांना खोकल्याची उबळ आली. दुसऱ्या दिवसापासून मी पाटी घेऊन बसायला लागले. तिशीच्या घरात आलेली बाई मी, ग म भ न गिरवत होते. ते तुम्ही सांगितलंत म्हणून, आत्याबाई. मी आपणहून कधी मागितलं नसतं.

बाईंची खिडकी सकाळी बंद असायची. मी एकदा विचारलं, हवेसाठी आलात आणि खिडकी का लावून घेता? त्या म्हणाल्या, "उन्हं आली की उघडते. पहाटे तुमच्या तळणीचा वास येतो ना, फार भूक लागते." मी फुशारकीनं ते घरी येऊन तुम्हाला सांगितलं. तुम्ही हातातली पळी खाली ठेवलीत.

दोन दिवसांनी तुम्ही मला अंधुक असतानाच उठवून मागच्या टेकाडावर नेलंत. मार्गशीर्षातली थंडी, पायवाटेवरचं गवत भिजलेलं. तुम्ही दर थोड्या पावलांना थांबत होतात, छातीत घरघर वाजत होती, आणि मी मनात म्हणत होते, भट्टी पेटवायची सोडून हिला काय सुचलंय. वर पोचलो तेव्हा फटफटलं होतं. खाली स्टेशनाच्या बाजूला नुसतं पांढरं धुकं होतं, कापसासारखं. आपल्या गल्लीवर मात्र करड्या रंगाचं झाकण बसलं होतं. एकेका खानावळीतून धूर वर निघत होता आणि वर न जाता तिथंच आडवा पसरत होता. बाईंची खोली त्या झाकणाच्या आत होती. कौलंसुद्धा दिसत नव्हती.

"लोकं हवा खाया येत्यात," तुम्ही म्हणालात, "आन आपुन त्यास्नी धूर वाढतुया."

मी म्हणाले, "राब भाजतानाबी धूर हुतोच की, आत्याबाई. तुमीच भाजायच्या."

"व्हय. आट दिस. त्या धुरातनं रोप उगवायचं. ह्यातनं काय उगवतंय?"

खाली उतरताना तुम्ही माझा खांदा धरला होता. तुमच्या हाताचं वजन किती कमी झालंय, हे मला तेव्हा जाणवलं आणि मी ते बाजूला सारलं. त्याच दिवशी तुम्ही गल्लीतल्या एकेका दुकानात गेलात. धुराडी वर चढवा, आणि सकाळची भट्टी सूर्य वर आल्यावर पेटवा, एवढंच तुमचं मागणं. समोरचा म्हणाला, "आजी, धूर न्हाई तर गिऱ्हाइकाला कळायचं कसं की हितं शिजतंय?" सगळे हसले. तुम्हीही हसलात, आणि घरी येऊन मला सांगितलंत, उद्यापासनं आपली भट्टी उन्हं आल्यावर.

पहिल्या गाडीचं गिऱ्हाईक बाकावर बसून उठून गेलं, समोर गेलं. असं चार दिवस झालं. पाचव्या दिवशी मी बोलले. तुम्ही विसरला असाल, मी नाही. मी म्हणाले, "तुमचा खोकला म्हातारपनाचा हाय. त्याच्यापायी चालती भट्टी इजवायची व्हय?" तुम्ही हे बाईंसाठी करत होतात हे मला ठाऊक होतं. तरी मी तुमचा खोकला काढला, कारण तो काढला की तुम्ही गप्प व्हाल हेही मला ठाऊक होतं. तुम्ही पदरानं तोंड पुसलंत आणि म्हणालात, "इजवायची न्हाई गं. सूर्य येस्तवर थांबायची." इतकंच. आवाज चढवला असतात तर बरं झालं असतं. मी भांडले असते आणि विसरले असते.

एका दुकानानं थांबून गल्लीची हवा काय बदलणार? पण आपलं दुकान बाईंच्या खिडकीच्या अगदी खाली होतं, आणि बाई खिडकी आधीपेक्षा लवकर उघडायला लागल्या. एकदा वरून त्यांनी तुम्हाला हात केला. तुम्ही अंगणात उभ्या होतात, दोन्ही हात वर केलेत, लहान पोरीसारखे. तरी होळीच्या आधी डॉक्टरांनी त्यांना गावाबाहेर माळावरच्या बंगल्यात हलवायला लावलं, आणि पावसाळ्याआधी त्या परत गेल्या. पुढच्या वर्षी त्यांचं पोस्टकार्ड आलं. मी जन्मात पहिल्यांदा कुणाला तरी पत्र वाचून दाखवलं ते तुम्हाला. प्रकृती सुधारली आहे, शाळेत जाते आहे, वर्गाच्या खिडक्या दिवसभर उघड्या ठेवते, तुमच्या पेजेची आठवण येते. तुम्ही म्हणालात, "पुना वाच." मी पुन्हा वाचलं. तुम्ही कार्ड हातात घेतलंत, उलटं धरलंत, आणि नाकाशी नेलंत.

तुम्ही गेल्यावर मी उंच धुराडं बांधलं. गल्लीत सगळ्यांत उंच. ते बघून आणखी दोघांनी बांधलं. सकाळची भट्टी उन्हं आल्यावरच पेटवायची हा नेम तेव्हापासून पाळला, लढाईच्या काळात शिपायांच्या गाड्यांवर गाड्या येत होत्या तेव्हासुद्धा. पण खाचर काही परत आलं नाही. तुमच्या लेकानं एकदा माझ्यासाठी मागचा कोपरा खणून बघितला. हातभर खाली गेलं तरी राखच निघत होती. ठाकरवाडीवरची मावशी आता येत नाही. तिची सून पलीकडच्या हॉटेलात भांडी घासते, आणि कोळसा मोटारीतून येतो, कुठल्या डोंगरावरून ते कुणी विचारत नाही. अश्विन आला की मला अजून वाटतं, आज येईल वास. मागच्या दाराशी जाऊन उभी राहते. तेलाचा येतो, कांद्याचा येतो. माझी सून आतून हाक मारते, आणि मी तिला हात वर करून थांब म्हणते. तिला वाटत असेल, म्हातारी वारा घेतेय.

हे पत्र मी घडी करून ठेवणार आहे. टाकायचं कुठं, आणि तुम्हाला ते वाचून दाखवणार कोण, मीच ना? आणि तोंडानं मला हे वाचता यायचं नाही. तुमचा शेवटचा मार्गशीर्ष. तुम्ही पडवीत गोधडीत पडून होतात, उठणं बंद झालं होतं, मागची भट्टी तुम्हाला दिसत नव्हती. अजून उजाडायचं होतं. तुम्ही मला हाक मारून विचारलंत, "आज लय धुकं पडलंय का गं?" पडवीतून समोरचं जोतं दिसत नव्हतं. मी म्हणाले, "व्हय, आत्याबाई. धुकंच हाय." तुम्ही म्हणालात, "मंग उन्हं आली की जाईल," आणि गोधडी तोंडावर ओढून घेतलीत.

धुकं नव्हतं, आत्याबाई. तुम्ही अंथरुणाला खिळल्यापासून मी पहिल्या गाडीसाठी रोज भट्टी पेटवत होते.